किडनी देणारा दहा वर्षांत मरतो? तो मेसेज खोटा आहे

आमच्या तेल्हारा तालुक्यात पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. किडनी देणारा दहा वर्षांत मरतो. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, पण ते संशोधनात दडवतात. जगला तरी त्याच्याकडून शेतीकाम होत नाही. आणि बायकोने दिली तर पोलीस केस होते. आमच्या शेजारच्या काकू नवऱ्याला किडनी द्यायला तयार होत्या. मेसेज वाचून त्यांचा भाऊ आला आणि त्यांना माहेरी घेऊन गेला. काका आठवड्यातून तीनदा एसटीने अकोल्याला डायलिसिसला जातात. म्हणून हे लिहितोय.

आधी दहा वर्षांचं बघू. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये झालं. रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला किडनी दिली. तो पुढे गणित शिकवायचा, शेतीही करायचा. वारला २०१० साली, म्हणजे ५६ वर्षांनी. पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. डॉ. डॉरी सेगेव हे अमेरिकेतले प्रत्यारोपण सर्जन. त्यांच्या गटाने २०१० साली ८०,३४७ दात्यांची नोंद तपासून छापली. ऑपरेशननंतर ९० दिवसांत दगावलेले दर दहा हजारांत ३.१. त्यानंतरच्या वर्षांत दात्यांमधलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्यासारख्याच निरोगी लोकांपेक्षा जास्त निघालं नाही.

आता 'दडवतात' हा आरोप. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. कारण २०१४ साली याच सेगेव यांच्या गटाने ९६,२१७ दात्यांचा दुसरा अभ्यास छापला आणि त्यात दात्यांना न आवडणारी गोष्ट उघड लिहिली. दात्याची उरलेली किडनी आयुष्यात कधीतरी निकामी होण्याचा अंदाज दर दहा हजारांत ९०. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांमध्ये १४. म्हणजे धोका वाढतो. कोणतीही तपासणी न करता सरसकट लोक घेतले तर हाच आकडा ३२६ येतो, कारण दाता मुळातच निवडून घेतलेला निरोगी माणूस असतो. दडवायचंच असतं, तर २०१० च्या चांगल्या आकड्यांवर थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. २०२४ साली त्यांच्याच गटाने १,६४,५९३ दात्यांची तीस वर्षांची नोंद मांडली: ९० दिवसांत ३६ मृत्यू, आणि शेवटच्या दहा वर्षांत तर दहा हजारांत एकापेक्षाही कमी.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्या खारपाणपट्ट्यातलं खारट पाणी, मे महिन्याचं ऊन आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या, किडनीला त्रास देऊ शकणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या त्यात नाहीत. म्हणून आपल्याकडच्या दात्याने बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन दरवर्षी तपासलंच पाहिजे. पण हे काळजी घेण्याचं कारण झालं, काकूंना माहेरी नेण्याचं नाही.

शेतीकामाबद्दल मी घरचंच सांगतो. माझ्या मायने २०१४ साली माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली. पहिले काही आठवडे तिला पाण्याची घागरही उचलू दिली नाही. नंतर उरलेली किडनी जास्त काम उचलते, वाढते. डॉक्टरांनी हे तिला आधीच समजावलं होतं. यंदाही सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा, झाल्यावर ती कमरेला फडकं बांधून पऱ्हाटीत उतरली. तिच्या खाटेखाली कापडी पिशवीत दरवर्षीचे रिपोर्ट वर्षवार लावलेले आहेत. गुडघे दुखले की मी गोळी आणू का विचारतो, तर म्हणते, "ते गोयी नको मले, एकच हाये आता."

पोलीस केसचं तर सरळ खोटं आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण जवळचे नातेवाईक म्हणून धरलेत. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. नात्याचे कागद तपासतात, परवानगी देतात. गुन्हा आहे तो विक्रीचा.

काकूंच्या भावाला मी रविवारी भेटायला जातोय. मायची पिशवी सोबत नेणार आहे, आणि माय स्वतःही येते म्हणाली आहे. काकूंची किडनी जुळते की नाही, बीपी-साखर ठीक आहे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण तपासणीला तरी त्यांना जाऊ द्या, एवढंच त्याच्याकडे मागायचं आहे.