उजवा बसतो, डावा बसत नाही

माझा डावा डोळा पुरेसा अधू नाही, असं मला परवा कळलं. सांगणारे डॉक्टर नव्हते. रुग्णालयातल्या विम्याच्या 'कॅशलेस' खिडकीपलीकडच्या मुलीने डब्याचं झाकण लावता लावता सांगितलं, "सर, उजवा बसतो. डावा बसत नाही."

नंबर असा: उजवा उणे साडेआठ, डावा उणे सव्वासात. शिवाय सिलिंडर, म्हणजे बुबुळ सगळीकडे सारखं गोल नसल्याचा वेगळा नंबर: उजव्याला सव्वादोन आणि डाव्याला पावणेतीन. चष्मा काढला की अर्ध्या वितीपलीकडचं जग माझ्यासाठी अफवा असते. शाळेत 'ढापण्या' होतो, आता ऑफिसात 'सर' आहे, काचा मात्र वाढत गेल्या. आता एकदाचा हा चष्मा जावा म्हणून सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

लेसिकचा, म्हणजे लेसरने नंबर घालवण्याचा बेत पहिल्या अर्ध्या तासातच बारगळला. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, सरासरी ५४० मायक्रॉन जाड असतो, माझा ४८८ निघाला. एका नंबरामागे बारा ते पंधरा मायक्रॉन घासून काढावे लागतात आणि खाली पुरेसा थर राखावा लागतो, नाहीतर कॉर्निया पुढे फुगू लागतो. डॉक्टरांनी वजाबाकी करून दाखवली आणि म्हणाले, "तुमच्याकडे भांडवलच नाही." पगाराबद्दल ऐकलं होतं, डोळ्यांबद्दल पहिल्यांदाच.

उरलं आयसीएल. बाहुलीच्या मागे, आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक बारीक लेन्स सरकवून ठेवतात. घासणं वगैरे काही नाही. सिलिंडर असल्यामुळे मला टॉरिक हवी, म्हणजे ठरलेल्या कोनातच बसणारी. ती दहा अंश जरी फिरली तरी सिलिंडरची तिसरा हिस्सा दुरुस्ती वाया जाते. कॉन्टॅक्ट लेन्समध्येही हीच भानगड. तिथे लेन्स फिरू नये म्हणून खालची कड जाड करतात, तरी माझी फिरायचीच. मीटिंगमध्ये साहेबांना दोन हनुवट्या दिसायच्या. (एक त्यांना खरोखरच आहे. दुसरी माझी.)

मग समुपदेशक बाईंनी दरपत्रक हातात ठेवलं. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे चष्म्यातून जवळचं काही दिसेना. चष्मा काढला आणि कागद नाकाला लावून वाचू लागलो. शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "वासावरून कळतो का आकडा?"

हे काका. सत्तरीचे, पांढरा शर्ट, एका डोळ्यावर हिरवं फडकं. निवृत्त गणित शिक्षक. आकडा ऐकून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि विमा काढलाय का विचारलं. मी हो म्हणालो. आम्ही दोघे खिडकीशी गेलो. म्हणजे मी गेलो, ते आले.

आपल्याकडे आरोग्य विम्याच्या पॉलिसीत एक ठरावीक कलम असतं: साडेसात डायॉप्टरपेक्षा (म्हणजे चष्म्याच्या साडेसात नंबरापेक्षा) कमी दृष्टिदोषाच्या उपचाराचा खर्च मिळत नाही. तेवढ्यासाठी माझा डावा डोळा पाव नंबराने नापास. मी म्हटलं, "अहो, सिलिंडर धरा ना! अर्धा जरी मिळवला तरी साडेआठच्या वर जातो."

"सिस्टीममध्ये एकच रकाना आहे सर."

या सिलिंडरला कधीच कोणी मोजत नाही. जॉर्ज एअरी नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला १८२५च्या सुमारास स्वतःच्याच डाव्या डोळ्यात हा दोष सापडला आणि त्याने स्वतःसाठी सिलिंडरची काच घडवून घेतली. त्यालाही डावाच! दोनशे वर्षं झाली, रकाना अजून यायचाय.

"कलम वाच बघू पुन्हा," काका म्हणाले. तिने वाचलं.

"यांचा उजवा किती?"

"मायनस आठ पॉइंट पाच."

"मायनस? मग संख्यारेषा आण डोळ्यांसमोर. शून्याच्या डावीकडे उणे साडेआठ. साडेसात कुठे?"

"उजवीकडे," मुलगी म्हणाली.

"मग उणे साडेआठ साडेसातपेक्षा लहान की मोठी?"

"लहान!" रांगेतून तिघाचौघांनी उत्तर दिलं. त्यात पट्टी बांधलेल्या एक आजीही होत्या.

"म्हणजे साडेसातपेक्षा कमी. यांचा उजवाही बसत नाही."

"काका, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

"मी गणिताच्या बाजूने आहे."

"अहो, ते चिन्ह म्हणजे काच खोलगट की फुगीर एवढंच."

"चिन्हाला 'एवढंच' म्हणू नका. याच एवढंच-पायी वर्गच्या वर्ग घसरलेत."

मुलीने फोन उचलला. पलीकडच्याला ती दबक्या आवाजात विचारत होती, "सर, मायनस असेल तर कमी धरायचं का?" पलीकडे शांतता. मग म्हणे मेल करा. फॉर्मवर तिने लाल पेनाने काहीतरी लिहिलं. इतका वेळ बसणारा माझा उजवा डोळा उभ्या उभ्या 'क्वेरी'त गेला.

काकांना थोडं वाईट वाटलं असावं. म्हणाले, "वय काय तुमचं?"

"एकोणचाळीस."

"मग थांबा की मोतीबिंदू होईपर्यंत! माझा नंबर उणे सहा होता. आत नवी लेन्स बसवताना नंबरही काढून टाकला, आणि विम्याने एक प्रश्न विचारला नाही. वीस-पंचवीस वर्षं काढा, हां हां म्हणता जातील."

चीड याची येते की यात चूक काहीच नव्हतं. सव्वासातला जे चैन म्हणून नाकारलं, तेच साठीत मोतीबिंदू झाला की उपचार म्हणून मिळेल. तोवर दरवर्षी हप्ता भरायचा. आणि चष्मा कसाही घालवला तरी ज्या लांबट झालेल्या डोळ्यामुळे हा नंबर आला तो लांबटच राहणार, पडद्याची तपासणी दरवर्षी चुकत नाही. हे डॉक्टरांनी दारापर्यंत येता येता सांगितलं, कारण हे दरपत्रकात नव्हतं.

शेवटी खाली चष्म्याच्या दुकानात गेलो. मला मोठी फ्रेम हवी होती. मुलगा म्हणाला, लहानच घ्या, मोठीत काचेची कड बाहेर येईल. आरशात बघायचं तर अंगावरचा चष्मा काढावा लागतो आणि तो काढला की आरसाच दिसत नाही. नवी फ्रेम लावून मी भिंतीच्या दिशेने डोकं हलवत होतो. "एकदम भारी दिसतेय सर," तो म्हणाला. एक पॉइंट सेव्हन फोर इंडेक्सची, दुकानातली सर्वांत पातळ काच, सिलिंडरमुळे मागवावी लागणार, दहा दिवस लागतील आणि पैसे सगळे आत्ताच.

फ्रेमचा रंग काळा आहे असं मी धरून चाललो होतो. पावतीवर 'वाइन रेड' लिहिलंय.