सान्बो नुसते सल्लागार नव्हते

जपानी लष्करातल्या ‘सान्बों’वरचा, म्हणजे सेनापतीच्या हाताखाली मोहिमा आखणाऱ्या अधिकाऱ्यांवरचा, तुमचा लेख वाचला. ‘सान्बोंनी सल्ला द्यायचा, हुकूम मात्र सेनापतीचाच’ हे त्यातलं वाक्य कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. १८ सप्टेंबर १९३१ ला मांचुरियातल्या मुकदेनजवळ रेल्वेरुळांवर स्फोट घडवायचा बेत तिथल्या जपानी क्वांतुंग सेनेच्या इशिवारा कान्जी आणि इतागाकी सेइशिरो या सान्बोंनीच शिजवला. सेनापती होंजो यांच्यापुढे युद्ध आयतं येऊन पडलं. १९३९ मध्ये नोमोनहानला सोव्हिएत सैन्याने जपानला हरवलं, त्या लढाईआधी सोव्हिएत सीमेवर कसं वागायचं याचे आक्रमक नियम लिहिले ते त्सुजी मासानोबु या एका मेजरने. त्या पराभवानंतरही १९४१ मध्ये हा माणूस मलाया मोहिमेच्या आखणीत होताच! सान्बोंच्या खांद्यावरून छातीवर रुळणाऱ्या त्या सोनेरी दोरीचा दरारा पदापेक्षा मोठा होता.

याची दुसरी बाजूही लेखात यायला हवी होती. इंफाळ मोहिमेला रसद पुरणार नाही, असं त्या मोहिमेचे जपानी सेनापती मुतागुची यांना त्यांच्याच प्रमुख सान्बोने, ओबाता यांनी, स्पष्ट सांगितलं. १९४३ मध्ये ओबातांनाच हटवलं. मग १९४४ च्या मार्चमध्ये सैनिक जेमतेम तीन आठवड्यांचं अन्न पाठीवर घेऊन निघाले. सोबत हाकलेली गुरं ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडताना कितीतरी बुडाली. त्याच महिन्यात मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण त्यांच्याशी झुंजली. आमच्या सातारा भागात पलटणीची घरं गावोगाव आहेत, त्यामुळे हा भाग मी फार जिव्हाळ्याने वाचतो. पुढच्या लेखात ओबातांवर जरूर लिहा.