‘पाडा आणि हिरवी बांधा’ या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. महिनाभरात तो मला चार ठिकाणांहून आला, आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरूनही. थोडक्यात मजकूर असा: जुनी इमारत म्हणजे विजेची उधळपट्टी. ती पाडून ग्रीन रेटिंगची नवी बांधली की वीज ३० टक्के वाचते, गच्चीवर सोलर बसतं, जुन्या इमारतीचं सगळं सामान रिसायकल होतं आणि तसंही आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) आयुष्य ३०-४० वर्षांचंच असतं. तेव्हा पुनर्विकास ही पर्यावरणाची सेवाच आहे.

माझं काम स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीचं. दुरुस्तीवर माझं घर चालतं हे आधीच सांगतो. म्हणूनच पुढचे आकडे कुणीही वहीत मांडून पडताळावेत. पुनर्विकासाला माझा सरसकट विरोध नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना मोठं घर मिळायलाच हवं. महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत जिला ‘सी-१’ शेरा मिळालाय ती इमारत रिकामी करून पाडायलाच हवी, तिथे कार्बनचा विचार नंतर. माझा आक्षेप आहे तो ‘पर्यावरणाची सेवा’ या शब्दांना.

वीज वाचते, म्हणजे कार्बन वाचतो?

मेसेजमधले ३० टक्के मी खरे धरतो. एक घर महिन्याला २०० युनिट वापरतं असं समजा, म्हणजे वर्षाला २,४००. त्यातले ३० टक्के म्हणजे ७२० युनिट. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका घरामागे वर्षाला सुमारे अर्धा टन वाचला.

आता मेसेजमध्ये नसलेली बाजू. साइटवरचा ठोकताळा असा की चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो सळई लागते. उंच टॉवरला सळई याहून बरीच जास्त जाते, पण आपण कमीच धरू. ०.४ गोणी म्हणजे २० किलो सिमेंट. फ्लाय ॲश मिसळलेलं आहे असं मानून किलोमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर १४ किलो झाले. आपलं पोलाद मुख्यतः कोळशावर बनतं, त्याचे किलोमागे सुमारे अडीच किलो, म्हणजे १० किलो. चौरस फुटाला एकूण २४ किलो. जिना, लॉबी, पार्किंग धरून एका घराच्या वाट्याला १,००० चौरस फूट बांधकाम येतं असं मानलं, तर २४ टन. वीट, काच, ॲल्युमिनियम, टाइल्स, लिफ्ट, पाडकाम, ट्रकच्या खेपा यांतलं अजून काहीच धरलेलं नाही.

२४ टन भागिले अर्धा टन. ४८ वर्षं.

म्हणजे आज बांधलेली इमारत ही उधारी २०७० नंतर फेडणार. आणि २०७० हे तर भारताने ग्लासगोच्या हवामान परिषदेत नेट झिरोसाठी, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी, जाहीर केलेलं वर्ष. तोवर वीज जसजशी स्वच्छ होत जाईल, तसतसा वाचवलेल्या प्रत्येक युनिटामागचा कार्बनही घटत जाईल. आज अर्धा टन वाटणारी बचत वीस वर्षांनी पाव टनावर येऊ शकते. हवेत गेलेले २४ टन मात्र पहिलं कुटुंब गृहप्रवेश करायच्या आधीच गेलेले असतात. या हिशेबाने ती उधारी फिटतच नाही.

शिवाय हे ३० टक्के वाचतात कशामुळे? एलईडी दिवे, कमी विजेचे पंखे, बरे एसी यांचा त्यात मोठा वाटा असतो. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावायला इमारत पाडावी लागत नाही. उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर छज्जा काढता येतो, गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग देता येतो. नव्या टॉवरमध्ये तर उंच लिफ्ट, पंप आणि बंदिस्त पार्किंगचे पंखे यांची सामायिक वीज वाढते. ती त्या ३० टक्क्यांत सहसा दाखवत नाहीत.

बांधकामाचं साहित्य बनवण्यापासून पाडकामापर्यंत सगळं एका ताळेबंदात मांडण्याला जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे एलसीए म्हणतात. युरोपच्या २०११ सालच्या ईएन १५९७८ या मानकात त्याचे टप्पे आहेत: ‘ए’मध्ये साहित्य, वाहतूक आणि बांधकाम, ‘बी’मध्ये वापर आणि दुरुस्ती, ‘सी’मध्ये पाडकाम आणि राडारोडा. मेसेजवाल्याने यातला ‘बी’ घेतला, तोही अर्धा. डेन्मार्कने २०२३ पासून मोठ्या नव्या इमारतींना जीवनचक्राच्या हिशेबावर मर्यादा घातली आहे. लंडनमध्ये २०२१ च्या आराखड्यापासून मोठ्या प्रकल्पांना हा ताळेबंद द्यावाच लागतो.

सोलर

याला उत्तर छोटं आहे. चार मजली इमारतीच्या गच्चीत सोळा घरं वाटेकरी असतात, बावीस मजली टॉवरच्या गच्चीत शंभर. सोलर हवंच असेल तर माणशी जास्त गच्ची जुन्या इमारतीतच आहे. सामायिक विजेसाठी पीएम सूर्यघर योजनेतून सोसायट्यांना अनुदानही मिळतं.

सगळं सामान रिसायकल होतं?

सळ्या होतात, हे खरं. भंगारातून त्या भट्टीत जातात. दारं, खिडक्या, ग्रिलही विकल्या जातात. पण इमारतीचं बहुतेक वजन काँक्रीट, विटा आणि गिलाव्यात असतं, आणि तो राडारोडा फार तर भरावाला, पेव्हर ब्लॉकला किंवा खडी म्हणून वापरता येतो. आरसीसीत अशी खडी किती घालायची यालाही भारतीय मानकात, आयएस ३८३ मध्ये, मर्यादा आहे.

खडी परत मिळाली तरी मूळ गोष्ट परत मिळत नाही. काँक्रीटमधला कार्बन खडीत जवळपास नसतोच, तो सिमेंटमध्ये असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी उडते, कारण तो वायू दगडातूनच निघतो. जुना स्लॅब फोडून त्यातून सिमेंट वेगळं काढणं आज व्यवहारात होत नाही, नव्या इमारतीला नव्याने चुनखडी भाजावीच लागते. रिसायकलिंगचा जो काही फायदा असेल, तो ईएन १५९७८ मध्ये ‘डी’ या रकान्यात वेगळा दाखवावा लागतो, मूळ बेरजेतून वजा करता येत नाही.

यावर एकाने मला विचारलं, काँक्रीट हवेतला कार्बन पुन्हा शोषतं ना? शोषतं. हळूहळू आणि थोडा. पण ते शोषतं तेव्हा त्याचा अल्कलीपणा उतरतो आणि आतल्या सळईचं गंजापासूनचं संरक्षण जातं. मला ऑडिटमध्ये दिसणाऱ्या गंजाचं हे एक मोठं कारण आहे.

आरसीसीचं आयुष्य ३०-४० वर्षंच?

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण लोक घाबरतात आणि चांगली इमारत सोडून देतात. मरीन ड्राइव्हवर चाला. १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारती समोरच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या आहेत, त्यांत माणसं राहतात आणि २०१८ साली त्या जागतिक वारशात गेल्या. त्याही आरसीसीच्याच.

मुंबई महापालिका कायद्यात ३० वर्षांचा उल्लेख आहे तो ऑडिटसाठी, पाडण्यासाठी नाही. वयाचं बंधन नसतं, बंधन असतं निगेचं. गच्चीची गळती वेळेत थांबवली, शौचालयाचे पाइप बदलले, सळईवरचा काँक्रीटचा थर फुटलेल्या खांबांना जॅकेटिंग (बाहेरून नवं वेष्टण) केलं, तर बऱ्याच इमारती पुढची काही दशकं काढतात. ‘सी-२ए’, ‘सी-२बी’ आणि ‘सी-३’ हे शेरे दुरुस्तीसाठीच आहेत. दुरुस्तीत सिमेंट-सळई जाते, पण नव्या सांगाड्याच्या तुलनेत अगदी थोडी.

पण नवी घरं वाढतात, त्याचं काय?

मेसेजमध्ये हा मुद्दा नाही, पण पुनर्विकासाच्या बाजूचा सगळ्यात सशक्त मुद्दा हाच आहे. स्टेशनजवळ सोळाच्या जागी शंभर घरं झाली, तर त्या जादा कुटुंबांना लांब शेतजमिनीवरचा प्लॉट लागत नाही आणि रोज गाडीने यावं लागत नाही. एलसीएत हेही मोजता येतं. फक्त मोजणी कशामागे, चौरस फुटामागे की राहणाऱ्या माणसामागे, हे आधी ठरवून तेच शेवटपर्यंत पाळावं लागतं. माणशी मोजलं तर काही ठिकाणी पुनर्विकास जिंकेलही. मात्र जादा जागा तिसऱ्या गाडीच्या पार्किंगात आणि रिकाम्या गुंतवणुकीच्या फ्लॅटमध्ये गेली असेल, तर जिंकणार नाही.

ग्रीन सर्टिफिकेट

पाणी, झाडं, कचरा, हवा या सगळ्यांचे गुण मिळून रेटिंग ठरतं. ‘लीड’ या ग्रीन रेटिंगच्या चौथ्या आवृत्तीत जीवनचक्राचा हिशेब ऐच्छिक होता, तो न करताही सर्टिफिकेट मिळत असे. त्याच आवृत्तीत जुनी वारसा इमारत राखून वापरली की या घटकाचे पूर्ण गुण मिळत, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

येत्या रविवारी आमची विशेष सर्वसाधारण सभा आहे. प्रस्ताव देणाऱ्या प्रत्येक विकासकाकडून आणि दुरुस्तीच्या प्रत्येक कंत्राटदाराकडून एकाच नमुन्यातला तक्ता मागवावा, असा ठराव मी मांडणार आहे: सिमेंट किती टन, सळई किती टन, माणशी कार्बन किती आणि वापरातल्या बचतीतून तो किती वर्षांत भरून निघेल. माझ्या ४८ वर्षांचा हिशेबही त्याला जोडलाय, चूक असेल तर सभेतच खोडून काढता येईल.