शास्त्रीय संगीत न आवडणाऱ्याच्या कानात काही बिघाड नसतो

सोलापुरातल्या कित्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. शास्त्रीय संगीत हे सर्वांत उच्च संगीत. ज्याला ते आवडत नाही त्याच्या मेंदूची वाढ अपुरी. मुलांना लहानपणापासून तेच ऐकवलं तर बुद्धी वाढते. सिनेमाच्या गाण्यांनी आणि डीजेने कान कायमचा बिघडतो. शेवटी आपल्याच गावाला टोला: गिरण्यांच्या गावात रसिक कुठले, चांगलं गाणं ऐकायचं तर पुण्याला जावं. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला यातलं काहीच पटत नाही. मी ख्याल, म्हणजे शास्त्रीय संगीतातला मुख्य गायनप्रकार, ऐकते, त्यावाचून माझा दिवस सरत नाही. म्हणूनच हे उत्तर लिहिते आहे, कारण या मजकुराने सर्वांत जास्त नुकसान ख्यालाचंच होतं.

आधी मेंदूचं बघू. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना कुठल्याच संगीतातून आनंद मिळत नाही. अभंग, गझल, सिनेमाचं गाणं, काहीही लावा, त्यांना सारखंच. ही माणसं बहिरी नव्हती, उदासही नव्हती. गाणं दुःखी आहे की आनंदी, हे त्यांना ओळखता येत होतं. पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांना इतरांसारखीच मजा येत होती. फक्त संगीतातून ती येत नव्हती. शंभरातली तीन ते पाच माणसं अशी असावीत असा अंदाज आहे. पुढे २०२५ मध्ये स्वीडनमधल्या नऊ हजारांहून अधिक जुळ्यांचा अभ्यास आला. संगीताचा आनंद घेण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग आनुवंशिक घटकांशी जोडता येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे काही फरक आपण जन्मताच घेऊन येतो. त्याला अपुरी वाढ म्हणणं हे विज्ञान नाही. ज्याला संगीतच गोड लागत नाही तो उत्तम वडील, उत्तम शिक्षक, उत्तम डॉक्टर असू शकतो, आणि असतोच.

पण शास्त्रीय संगीत नको म्हणणारे बहुतेक लोक या गटातले नसतातच. त्यांना गाणं हवं असतं, भरपूर हवं असतं. फक्त हे गाणं नको असतं. ते का, याचं उत्तर त्या मजकुरात कुठेच नाही आणि खरा प्रश्न तोच आहे.

आमच्या शेजारचा एक मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. एकदा माझ्याकडे विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल लागला होता. तो दारात थांबून बराच वेळ ऐकत होता आणि मग म्हणाला, “काकू, ह्यात गाणं कवा सुरू होतंय?”

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. सिनेमाच्या गाण्यात मुखडा अर्ध्या मिनिटात येतो, अंतरा येतो, परत मुखडा येतो, चार-पाच मिनिटांत सगळं पार पडतं. विलंबित एकताल या बारा मात्रांच्या तालाच्या एका आवर्तनालाच, म्हणजे एका फेरीलाच, पाऊण ते एक मिनिट लागतं. शब्द दोन ओळींचे, तेही आलापात विरघळलेले. जाणकार श्रोता त्या वेळात रिकामा बसलेला नसतो. मात्रा पुढे सरकताना त्याच्या आत मोजल्या जात असतात. गायक षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, टाळून कुठे फिरतोय, मुखडा कुठून उचलणार, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येणार, याची तो वाट बघत असतो. सम आली की मान आपोआप हलते.

माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन दोन टप्प्यांत स्रवतं: एकदा उत्कर्षाच्या क्षणी आणि त्याआधी तो क्षण येणार या नुसत्या अपेक्षेने. ही दुसरी गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. ज्याला समेची जागाच माहीत नाही, त्याला अपेक्षा कशाची करायची? त्याच्यासाठी ख्यालाची ती चाळीस मिनिटं म्हणजे वेळापत्रक माहीत नसलेल्या गाडीची फलाटावर पाहिलेली वाट. तो कंटाळणारच. कान चांगला आहे म्हणूनच कंटाळतो, कारण तो काहीतरी शोधतोय आणि सापडत नाही.

ही अपेक्षा परिचयाने तयार होते. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, एवढ्यानेही तिच्याविषयी आपलेपणा वाढतो. ज्या घरात रेडिओवर सकाळी तोडी किंवा भैरव राग लागत होता, तिथल्या मुलाला तो परिचय फुकट मिळाला. त्याने त्यासाठी काही कमावलं नाही, आणि ज्याला मिळाला नाही त्याने काही गमावलंही नाही. फ्रान्समध्ये पिएर बूर्दिए या समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात लोकांच्या आवडीनिवडींची पाहणी केली. कोणाला कुठलं संगीत आवडतं हे त्याच्या घराशी, शिक्षणाशी आणि वर्गाशी किती घट्ट बांधलेलं असतं, ते त्यातून दिसलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? बैठकीत कधी ‘वाह’ म्हणायचं, कधी गप्प बसायचं, टाळी तानेच्या मध्ये वाजवायची की नाही, हे ज्याला घरातून ठाऊक नाही तो पहिल्याच बैठकीत ओशाळतो. गाणं नावडण्याआधी ती जागाच त्याला परकी वाटते.

मुलांच्या बुद्धीचा दावा लवकर निकाली निघतो. त्याचं मूळ १९९३च्या एका अमेरिकी प्रयोगात आहे. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोत्झार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची रचना ऐकली आणि त्यानंतर आकारांची कोडी थोडी बरी सोडवली. परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. त्यात मुलं नव्हती, बाळं नव्हती, आणि बुद्धी कायमची वाढल्याचं कोणी म्हटलंही नव्हतं. तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अशा संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की ज्यांना गोष्ट ऐकायला आवडते त्यांचं काम गोष्ट ऐकल्यावर सुधारतं, आणि इंग्लंडमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांचं पॉप गाणी ऐकून. मन प्रसन्न झालं की काम बरं होतं, एवढाच त्याचा अर्थ. आता आपल्याकडे मोत्झार्टच्या जागी यमन किंवा दरबारी राग घालून हाच दावा पुढे पाठवला जातो. मुलाला यमन जरूर ऐकवा, पण परीक्षेच्या टक्क्यांसाठी नको. टक्के वाढले नाहीत की तो बिचारा राग घरातून कायमचा बाहेर जातो.

‘हलक्या’ गाण्यांनी कान बिघडतो, हा दावा मात्र मला मनापासून खुपतो, कारण आपल्या संगीताचा इतिहासच त्याच्या विरुद्ध आहे. भीमसेन जोशी लहानपणी गदगला कशाने झपाटले? एका दुकानात वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिकेने. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी होती ती, ‘पिया बिन नाही आवत चैन’. जेमतेम तीन मिनिटांची, रस्त्यावर ऐकलेली. दोन तासांची बैठक नव्हे, तर ही तीन मिनिटं ऐकून ते १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढे मोठे ख्यालगायक झालेले मल्लिकार्जुन मन्सूर पोरवयात कन्नड नाटक कंपनीत गात होते, तिथेच त्यांचे गुरू नीलकंठबुवा यांनी त्यांना हेरलं. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या, आणि ज्यांनी कधी राग हा शब्दही उच्चारला नव्हता अशी माणसं ती पदं गुणगुणत घरी गेली. महाराष्ट्रात रागदारी घराघरांत पोहोचली ती नाटकाच्या आणि अभंगाच्या रस्त्याने.

जबरदस्तीचा रस्ताही आपण वापरून पाहिला आहे. बी. व्ही. केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. त्यांना शास्त्रीय संगीताचा खरा जिव्हाळा होता. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. झालं काय? लोकांनी रेडिओची सुई फिरवून श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं आणि तिथे १९५२ मध्येच सुरू झालेल्या बिनाका गीतमाला या सिनेमाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाने देश काबीज केला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती ही हलक्याफुलक्या गाण्यांची वाहिनी सुरू करावी लागली. त्याच काळात आकाशवाणीने खुद्द हार्मोनियमवर बंदी ठेवली होती, ती १९४० पासून १९७१ पर्यंत चालली. ज्या वाद्याशिवाय आज बैठक सुनी वाटते, तेच तेव्हा अशुद्ध मानलं गेलं होतं. आज ‘शुद्ध’ आणि ‘हलकं’ यांच्या मध्ये जी रेघ मजकूर पाठवणारे मारतात, ती पुढच्या पिढीत कुठे सरकलेली असेल कोणास ठाऊक.

डीजेविषयी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरना माझाही ठाम विरोध आहे. पण तो आवाजाला आहे, गाण्याला नाही. निवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ओलांडली तर त्याच स्पीकरवर मालकंस राग लावला तरी कानाला इजा तेवढीच होणार. आवाजाची तक्रार करताना त्या मुलांच्या आवडीला नावं ठेवली, की ते आपली तक्रारही ऐकत नाहीत.

आता सोलापूर. इथे रसिक नाहीत असं म्हणणाऱ्याने हे गाव कान देऊन ऐकलेलंच नाही. लावणीचा मोठा शाहीर राम जोशी अठराव्या शतकात इथेच जन्मला, पुराणिकांच्या घरात. तमाशाच्या नादाने घराबाहेर काढला गेला, पंढरपूरला जाऊन शास्त्र शिकला, कीर्तनंही रंगवली आणि लावण्याही रचल्या. एका माणसात दोन्ही मावलं, त्याला कोणी सांगितलं नाही की एकाने दुसरं बिघडतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार, म्हणजे कन्नड भक्तिपर वचनं रचणारे. शिवशरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, कन्नड वचनं मल्लिकार्जुन मन्सुरांनी रागांत बांधून गायली, तेव्हा ती किती जणांच्या घरची भाषा होती! गावाच्या पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्मा या फुलांच्या सणाला फेर धरून गातात. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमचे डाव पडतात. शंभर पोरं एका ठेक्यावर वळतात आणि एकाचंही पाऊल चुकत नाही.

आणि भजन. जिल्ह्यात पंढरपूर असलेल्या या मुलखात गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस रात्री टाळ हातात घेतो आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सम कुठे पडते हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. शेजारच्या त्या मुलाचे वडील असेच पखवाज वाजवतात. मी मुलाला म्हटलं, “बाबा थाप कुठं मारतात, ती जागा धरून ऐक.” द्रुत, म्हणजे जलद लयीतला, एकताल लागला तेव्हा त्याने सम पकडली, दोनदा चुकली, मग पुन्हा पकडली. विलंबित त्याला अजून आवडत नाही. नसू दे. ज्याच्या घरात पखवाज आहे त्याला ‘कान नाही’ म्हणणं मला सहन होत नाही.

तेव्हा हा मजकूर पुढे पाठवण्याऐवजी गावातल्या आयोजकांनी काही करून बघावं असं मला वाटतं. हुतात्मा स्मृती मंदिरात बैठका होतात, त्या चालू राहोतच, पण एखादी पूर्व भागात, एखादी एमआयडीसीकडे, पाळी सुटण्याच्या वेळेला धरून ठेवावी. गाण्याआधी बंदिशीचे, म्हणजे गाण्याच्या रचनेचे, शब्द सांगावेत, तबलजींनी ठेका नुसता वाजवून श्रोत्यांकडून सम एकदा टाळीने धरून घ्यावी. ख्याल तासाचा न करता पंचवीस मिनिटांचा करावा आणि त्याच रागातला अभंग किंवा वचन लगेच मागून गावं. ज्याला गोडी लागेल तो पुन्हा येईल. मध्येच जो उठून जाईल त्याला दारात गाठून “कळलं नाही का?” असं कोणी विचारू नये.