‘कंडिशन वन’ लागली की जेवायलाही बाहेर पडायचं नाही

‘अंटार्क्टिकात अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावर धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत. एक म्हणजे साधा इशारा, तीन म्हणजे मृत्यू. सगळं पाऱ्यावर ठरतं आणि इशारा लागला की अख्खा परिसर बंद.’ हा मेसेज मुलांच्या शाळेच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहितोय. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय केंद्रामार्फत दरवर्षी आपली माणसं अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय तळांवर जातात. तिथल्या हवेबद्दल मुलांना चुकीचं कळू नये, एवढंच वाटतं.

या पायऱ्यांना मॅकमर्डोवर ‘कंडिशन’ म्हणतात आणि मेसेजमधले आकडे सरळ उलटे आहेत. ‘कंडिशन थ्री’ म्हणजे तिथला नेहमीचा दिवस. ‘वन’ लागली की ज्या इमारतीत असाल तिथेच थांबायचं, भूक लागली तरी. चक्रीवादळांचे आकडे धोक्याबरोबर वर चढतात, त्यामुळे गल्लत होत असावी.

‘अख्खा परिसर बंद’ हेही खरं नाही. वस्तीत ‘थ्री’ असताना बाहेर बर्फावर ‘वन’ असू शकते. प्रत्येक भागाची वेगळी घोषणा होते.

पण सगळ्यात घातक आहे ते पाऱ्याचं. ‘वन’ लागायला तीनपैकी एक गोष्ट पुरते: वारा 55 नॉटच्या वर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून जास्त, किंवा 100 फुटांपलीकडचं न दिसणं, किंवा वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे 100 फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 73 सेल्सिअसच्या खाली. या तिसऱ्या अटीतही नुसता पारा नाही, वारा धरलेलाच आहे. आणि 100 फूट म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जेमतेम तीन एसटी गाड्या. त्यापलीकडे शेजारची इमारतही दिसत नाही.

जपानच्या श्योवा तळावर हिमवादळाचे अ, ब, क असे वर्ग करतात. पहिल्या वर्गासाठी दृश्यमानता 100 मीटरच्या आत, वारा सेकंदाला 25 मीटर किंवा जास्त, आणि हे सलग 6 तास टिकायला हवं. त्यात तापमानाचा उल्लेखच नाही. ऑक्टोबर 1960 मध्ये याच तळावर शिन फुकुशिमा हे संशोधक हिमवादळात कुत्र्यांना खायला घालायला बाहेर पडले आणि वाट चुकले. त्यांचा मृतदेह फेब्रुवारी 1968 मध्ये मिळाला, तळापासून सुमारे 4 किलोमीटरवर.