मध, फेणी, कापूर आणि 8 महिन्यांचं बाळ

चतुर्थीपासून गोव्यातल्या घराघरांत एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: खोकला म्हणजे छातीत साचलेला कफ. चमचाभर मध, चार थेंब काजू फेणी, चिमूटभर कापूर. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत कुणालाही द्या, 3 दिवसांत मुळासकट गायब. कफ हिरवा दिसला तर लगेच अँटिबायोटिक. खोकल्याची बाटली मात्र विष.

परवा तो डिचोलीला माझ्या भाचीच्या सासूबाईंपर्यंत पोचला. भाचीनं विचारलं, "मामा, बाळाला देऊ का?" बाळ 8 महिन्यांचं.

नको देऊस गो. एक थेंबही नको.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते टिकाव धरत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी बाळाला शौचाला होत नाही, मग दूध ओढायची ताकद जाते, मान लुळी पडते, पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. मध सत्तरी तालुक्यातल्या रानातून ओळखीच्या माणसानं आणलेला, अगदी शुद्ध असला तरी हेच. घरी उकळूनही बीजाणू मरतील याचा भरवसा नाही.

फेणीत साधारण 42 टक्के अल्कोहोल असतं. लहान मुलाच्या रक्तातली साखर त्यानं धाडकन उतरू शकते. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात, आणि त्याला फार कापूर लागत नाही. दुकशिरीची, म्हणजे औषधी मुळी घातलेल्या फेणीची, बाटली मोठ्यांच्या कपाटातच बरी.

वर्षावरच्या मुलांना आणि मोठ्यांना झोपताना चमचाभर मध दिला तर खोकला थोडा शमतो, एवढं मान्य. त्यात फेणीचं काही कर्तृत्व नाही.

आता ते 3 दिवस. 2013 साली 'ॲनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन'मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. सर्दी-पडशानंतरचा खोकला सरासरी 18 दिवस राहतो. लोकांची अपेक्षा मात्र आठवडाभराची. म्हणून आठव्या दिवशी गोळी सुरू होते, खोकला आपल्या वेळेनं जातो आणि श्रेय गोळीला, नाहीतर काढ्याला. हिरव्या कफाचंही तेच. नुसत्या रंगावरून जिवाणू ठरत नाहीत, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

शिवाय खोकला म्हणजे कफच असं कुणी सांगितलं? दमा, घशाशी येणारं आम्ल, नाकातून घशात उतरणारा स्राव, रामिप्रिल-एनालाप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्यांनी कोरडा खोकला येतो. (गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.)

खोकल्याच्या बाटलीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजानं म्हणतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपनं मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं बजावलं: 2 वर्षांखाली खोकल्याची औषधं नकोत, 5 वर्षांखाली सहसा नकोत. म्हणजे या बाळाला बाटलीही नको. दूध पाजत राहा, नाक मोकळं ठेवा.

मोठ्यांचा खोकला 2 आठवड्यांवर गेला तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी फुकट होते. बहुतेकांना क्षय निघत नाही, तरी तपासायचं. आणि बाळ भराभर श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल, तर मेसेज वाचत बसू नका, 108 ला फोन लावा.