गरीब पण दिसा, कर्तबगार पण दिसा

ह्युमन राइट्समध्ये एमएचा फॉर्म भरतेय म्हटल्यावर बाबा म्हणाले, "हक्क मागायला आता एमए लागतं का?" आणि परत पेपरात डोकं घातलं. कोर्स थायलंडच्या महिडोल युनिव्हर्सिटीचा. विषय मानवी हक्क आणि लोकशाहीकरण, पहिलं सेमिस्टर बँकॉकजवळच्या सालायाला आणि दुसरं पार्टनर युनिव्हर्सिटीत, म्हणजे मनिला, योग्यकर्ता, कोलंबो, काठमांडू असं कुठेतरी. याचंच युरोपातलं भावंड व्हेनिसला आहे, 1997 पासूनचं, लिडो बेटावरच्या जुन्या मठात वर्ग भरतात. फोटो बघून मी आधी तिकडेच निघाले होते, मग तिथला राहण्याजेवणाचा खर्च बघितला आणि गपचूप टॅब बंद केला.

थायलंड ऐकून मामा "अभ्यासालाच ना गं?" असं म्हणून उगाच हसला. आईने त्यातलं फक्त काठमांडू ऐकलं, कारण आत्या यात्रा कंपनीच्या बसने पशुपतिनाथला जाऊन आलीय आणि तिला तिथे थंडी बाधली होती. त्यामुळे ॲडमिशनचा पत्ता नाही पण स्वेटरचं माप घेऊन झालं.

आता फंडेड, म्हणजे शिष्यवृत्तीसकट ॲडमिशन हवी तर एकाच फाइलीत दोन माणसं उभी करायची. एक इतकी गरीब की कुणी पैसे दिल्याशिवाय शिकूच शकत नाही, आणि दुसरी इतकी कर्तबगार की तिला घेतलं नाही तर आशियातली लोकशाही धोक्यात. दोघींचं नाव एकच, फोटो पण एकच. फोटोत हसायचं की नाही यावर स्टुडिओवाल्याशी वाद झाला.

गरीब बाई उभी करायला उत्पन्नाचा दाखला, कारण सोबत इथल्या सरकारी शिष्यवृत्त्यांचं पण बघत होते. सेतूत 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा मोठा फलक आहे, कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा ते सगळं लिहिलेलं, आणि बरोबर दिवसांच्या रकान्यावर "सर्व्हर डाऊन आहे" असा कागद चिकटवलेला. मी वाकून त्या कागदाखाली बघायला लागले तर आतला मुलगा म्हणतो, "ताई, ते फाडू नका, रोज लागतंय."

कर्तबगार बाई त्याहून अवघड. मी रोजगार हमीवरच्या बायकांना मजुरी मिळवून द्यायचं काम करते म्हणजे प्रत्यक्षात बायकांसोबत तहसीलच्या पायरीवर बसते, मस्टर (हजेरीपट) कुठं अडकलं ते विचारते आणि चहा पिते. सीव्हीत याचं स्टेकहोल्डर एंगेजमेंट झालं, पायरीसकट. मोटिव्हेशन लेटरमध्ये तर स्वतःचं कौतुक पानभर करायचं, आणि आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं काय, तर कुणी हुशार म्हटलं की "छे हो, कसलं काय" म्हणायचं. माझा पहिला ड्राफ्ट मैत्रिणीने वाचला, म्हणाली हे लेटर आहे का माफीनामा?

शिफारसपत्राला कॉलेजच्या सरांकडे गेले. सर म्हणाले तूच लिही, मी सही करतो. म्हणजे आता सरांच्या तोंडून माझं कौतुक पण मीच करायचं! लिहिलं बापडीने. सरांनी चष्मा वर करून ते पूर्ण वाचलं आणि खरंच आश्चर्याने म्हणाले, "एवढी हुशार होतीस तू?" सही केली पण. पुढे पोर्टलला सरांचा जीमेल नको, कॉलेजचाच ईमेल पाहिजे, तो आहे पण त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या भाऊंकडे, आणि भाऊ लग्नाला बार्शीला.

ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे विद्यापीठाकडून घ्यायच्या मार्कांच्या उताऱ्याची, वेगळीच तऱ्हा. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग बापाचं, शेवटी आईचं. फॉर्ममध्ये फर्स्ट नेम, लास्ट नेम. मार्कशीटप्रमाणे भरलं तर मी आईच्या नावाची आडनाववाली होते, पासपोर्टप्रमाणे भरलं तर डिग्री दुसऱ्याच कुणाची. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या साहेबांना हे समजावून सांगितलं तर त्यांनी अर्जावरचा विषय वाचला आणि पेन खाली ठेवलं. "मानवी हक्क? म्हणजे शिकून आमच्यावरच केस करणार का?" मी म्हटलं नाही हो साहेब. (तेव्हा खरंच नव्हतं मनात.) पाकीट मिळालं, सीलबंद, चिकटवलेल्या तोंडावर शिक्का, उघडायचं नाही, आत माझेच मार्क.

बाबा मात्र या दरम्यान कधी फिरले कळलंच नाही. एकदा जेवताना म्हणाले, बाबासाहेब 1913 ला अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवरच, महिना साडेअकरा पौंड, आणि परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. "तुला करार काय आहे ते बघून घे आधी." करार नाहीये म्हटलं, तर त्यांना ते जरा संशयास्पदच वाटलं.

डेडलाइनच्या रात्री सबमिट केलं. थायलंड दीड तास पुढे आहे, त्यामुळे आपले साडेदहा म्हणजे तिकडचे बारा, हे आईलाच लक्षात होतं, कारण काठमांडू पंधरा मिनिटं पुढे असल्याचं आत्याने तिला सांगितलेलं आणि तेव्हापासून ती सगळ्या देशांची घड्याळं विचारते.

स्टेटस अजून अंडर रिव्ह्यूच आहे, पण आईने गल्लीत सांगून टाकलंय. काल मावशीचा फोन आला, आमच्या बंटीचा पण असा एक फॉर्म भरून दे. म्हटलं विषय कुठला पाहिजे त्याला? तर म्हणाली, "विषय तू ठरव गं, त्याला तसं काहीच आवडत नाही."